‘ओ! सुझाना’ वगळली, पुढे काय?

न्यू जर्सीतील एका सरकारी प्राथमिक शाळेत संगीत शिकवणाऱ्या वाचक भगिनीचे पत्र आले आहे. पत्र दीर्घ असल्यामुळे त्यातील मुख्य भाग तेवढा देतो.

“मी मूळची सांगलीची, गायनात विशारद. लग्नानंतर अमेरिकेत आले, येथे शिक्षिकेचा परवाना मिळवला आणि गेली नऊ वर्षे पहिली ते पाचवीच्या मुलांना संगीत शिकवते आहे. गेल्या हिवाळ्यातील कार्यक्रमासाठी चौथीची मुले रेकॉर्डर या बासरीसारख्या वाद्यावर ‘ओ! सुझाना’ बसवत होती. एका कृष्णवर्णीय विद्यार्थिनीच्या आजींनी मला चिठ्ठी पाठवली: ‘या गाण्याचे मूळचे दुसरे कडवे आपण वाचले आहे का?’ मी वाचले नव्हते. वाचल्यावर त्या रात्री मला झोप लागली नाही. मुख्याध्यापकांनी गाणे तडकाफडकी काढायला लावले. मुलांना कारण कोणीच सांगितले नाही. माझे ज्येष्ठ सहकारी म्हणतात, एकेक गाणे असे काढत गेलात तर शिकवायला उरेल काय? मंडळातल्या मैत्रिणी म्हणतात, गोऱ्या-काळ्यांच्या भांडणात आपण कशाला पडायचे? शिवाय दर ऑक्टोबरात दिवाळीसाठी एक बॉलिवूड नाच बसवण्याचे काम मला न विचारता माझ्याकडे येते. पाचवीत एक मुलगा आहे, तोही कृष्णवर्णीय. त्याला नोटेशन वाचता येत नाही, तो सतत बाकावर बोटांनी ठेका धरतो आणि मी त्याला अनेकदा वर्गाबाहेर बसवले आहे. आमच्या गुरुजींनी मला पहिले सहा महिने वही उघडू दिली नव्हती, हे त्या चिठ्ठीनंतर मला का कोण जाणे सारखे आठवते. वर्णद्वेषाला थारा न देणारे संगीतशिक्षण म्हणजे नेमके काय करायचे? आणि बाहेरून आलेल्या बाईला ते करण्याचा अधिकार आहे का?”

भगिनी, सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य तुम्ही ‘का कोण जाणे’ म्हणून सोडून दिले आहे. त्याकडे मी येणारच आहे. पण आधी त्या गाण्याचे पाहू, कारण आजींचा प्रश्न गाण्याबद्दल आहे आणि त्यांना अजून उत्तर मिळालेले नाही.

‘ओ! सुझाना’ हे स्टीफन फॉस्टर यांचे १८४८ साली छापले गेलेले गाणे. ते लोकप्रिय झाले ते मिन्स्ट्रेल खेळांतून. या खेळांत गोरे नट जळक्या बुचाची काजळी तोंडाला फासून, ओठ मोठे रंगवून रंगमंचावर येत आणि गुलामगिरीत जखडलेल्या माणसांच्या बोलण्याची, चालण्याची, नाचण्याची टिंगल करत. १८४० नंतरची काही दशके अमेरिकेतील सर्वसामान्यांची ही सर्वांत आवडती करमणूक होती. ‘जिम क्रो’ हे मुळात अशाच एका काजळी फासलेल्या पात्राचे नाव; पुढे दक्षिणेकडील राज्यांतील वर्णभेदी कायद्यांना तेच चिकटले, यावरून रंगमंचावरचा विनोद किती दूरवर पोहोचतो याचा अंदाज यावा. तुम्ही वाचलेल्या दुसऱ्या कडव्यात विजेच्या धक्क्याने पाचशे माणसे मेल्याची थट्टा आहे, आणि त्या माणसांसाठी वापरलेला शब्द असा आहे की आज कोणताही शिक्षक तो वर्गात उच्चारू शकणार नाही. पाठ्यपुस्तकांनी कडवे गाळले आणि चाल ठेवली. चाल टिकण्याचे कारणही तुमच्यासारखीला लगेच दिसेल: कडव्यात सा रे ग प ध हे आपल्या भूपाचेच पाच स्वर आहेत, मध्यम येतो तो ध्रुवपदात. हंगेरीचे संगीतकार कोदाय यांच्या विचारांवर उभ्या राहिलेल्या अध्यापनपद्धतीत मुलांना आधी पाच स्वरांची आणि आपल्या देशातील लोकगीते शिकवावीत असा आग्रह असतो. अमेरिकेत ती पद्धत रुजली, तेव्हा ‘आपल्या देशातील’ या नावाखाली मिन्स्ट्रेल रंगमंचावरच्या चालीही लोकगीतांच्या रांगेत येऊन बसल्या. त्यात कोणा एका शिक्षकाचा दुष्टावा नव्हता. एकाने गायले म्हणून दुसऱ्याने शिकवले, आणि मधले कडवे कुठे गेले हे कोणी विचारले नाही.

आता ‘उरेल काय’ या प्रश्नाकडे वळू. तुमचे सहकारी चिडून बोलत असले, तरी त्यांच्या म्हणण्यात एक खरी भीती आहे. मात्र सगळी संशयास्पद गाणी सरसकट काढायची आहेत, हे त्यांचे गृहीत मला मान्य नाही. मी प्रत्येक गाण्यापुढे एकच प्रश्न ठेवतो: हे गाताना मुलाचे तोंड आणि अंग कोणाची टिंगल करत आहे काय? ‘टेन लिटल इंडियन्स’ गाताना मूल अमेरिकेच्या मूळ रहिवाशांना एकेक करून कमी करत जाते, म्हणून ते गाणे विचार न करता काढावे. ‘पिक अ बेल ऑफ कॉटन’ हे लेड बेली यांच्यासारख्या थोर कृष्णवर्णीय गायकाने गायलेले आहे, त्याचे ध्वनिमुद्रण मोठ्या मुलांना जरूर ऐकवावे. पण त्यावर सहा-सात वर्षांच्या मुलांनी उड्या मारत, वाकून कापूस वेचण्याचा अभिनय करावा, हे मला पाहवणार नाही, कारण तो कापूस आधी गुलामांनी आणि नंतर कर्जात बुडालेल्या वाटेकऱ्यांनी वेचलेला आहे. ‘जिंगल बेल्स’चा इतिहासही फार स्वच्छ नाही. १८५७ साली बॉस्टनच्या एका सभागृहात ते प्रथम गायले गेले तेव्हा गायक काजळी फासलेलाच होता. तरीही त्याच्या शब्दांत कोणाची अवहेलना नाही आणि मुलांच्या तोंडी ते बर्फावरच्या घसरगाडीचेच गाणे राहते, म्हणून मी ते ठेवीन, आणि पाचवीच्या मुलांनी विचारले तर त्याची हकीकत सांगेन. माझ्याच मापाने ‘ओ! सुझाना’ची गाळीव प्रतही राहू शकते, असे कोणी म्हणेल. खरे आहे, पण ज्या वर्गातल्या एका मुलीच्या घरी ते दुसरे कडवे पाठ आहे, त्या वर्गात मी ते वाजवणार नाही. पाच स्वरांसाठी ‘स्विंग लो, स्वीट चॅरियट’ हे गुलामांचे भक्तिगीत आहे ना. ती चालही भूपाच्याच स्वरांत बसते.

या गीताबरोबर मुलांना सांगण्यासारखी एक गोष्टही हाताशी येते. टेनेसीतील नॅशव्हिल येथे गुलामगिरीतून मुक्त झालेल्यांसाठी उघडलेली फिस्क ही शिक्षणसंस्था कर्जात बुडत होती, तेव्हा १८७१ साली तिचे विद्यार्थी गायनाचा चमू घेऊन निधी जमवायला बाहेर पडले. गुलामांची भक्तिगीते त्यांनी काजळीशिवाय, ताठ उभे राहून, गंभीरपणे सभागृहांत गायली. मिन्स्ट्रेल खेळांची सवय झालेल्या श्रोत्यांसाठी तो धक्काच होता. त्या पैशांतून उभी राहिलेली ज्युबिली हॉल ही इमारत आजही तेथे आहे. ही गीते शिकवताना ‘जुन्या काळची बोली’ म्हणून उच्चार वाकडे करू नका, आणि ती केवळ टाळ्या पिटण्याची गंमत म्हणून हाताळू नका, एवढे पुरे. आणखी हवे असेल तर एलिझाबेथ कॉटन आहेत. डावखुऱ्या असल्यामुळे गिटार उलटी धरून वाजवणाऱ्या या बाईंनी ‘फ्रेट ट्रेन’ हे गीत लहानपणीच रचले आणि पुढे दीर्घकाळ वाद्याला हात न लावता घरकाम केले. सीगर या संगीतकार कुटुंबाकडे कामाला असताना त्यांचे वाजवणे त्या घरच्यांच्या कानी पडले आणि मग जगाच्या. गिटार उलटी धरून दाखवा, चौथीचा वर्ग तास संपला तरी उठणार नाही. जरा मोठ्या मुलांना फ्लोरेन्स प्राइस या कृष्णवर्णीय रचनाकार बाईंची पहिली सिंफनी ऐकवा. शिकागोच्या वाद्यवृंदाने ती १९३३ साली सादर केली. तुमच्या सहकाऱ्यांनी हे सगळे आजचे खूळ आहे असे म्हटले, तर सांगा की सर्व काळांतील, सर्व शैलींतील आणि सर्व संस्कृतींतील संगीताला अभ्यासक्रमात जागा हवी, असे अमेरिकेतील संगीतशिक्षकांच्या टँगलवूड येथील परिषदेने १९६७ सालीच लिहून ठेवले आहे.

मुलांना कारण न सांगता गाणे काढले, ही चूक मला गाणे बसवण्याच्या चुकीपेक्षा मोठी वाटते. गाणे अचानक नाहीसे झाले की मुले आपापसांत तर्क लढवतात, आणि त्या तर्काचे बोट बहुधा त्याच एका मुलीकडे वळते. ‘हिच्या आजीमुळे आपले गाणे गेले.’ म्हणून उशीर झाला असला तरी बोला. फार लांबवू नका. साधारण असे सांगता येईल: “आपण एक गाणे बसवत होतो आणि मध्येच थांबवले. ते मी निवडले होते. निवडण्याआधी त्याची पूर्ण माहिती काढायला हवी होती, ती मी काढली नाही. हे गाणे अशा खेळात गायले जाई, ज्यात गोरे लोक तोंडाला काळे फासून काळ्या माणसांची चेष्टा करत. ज्यांची चेष्टा झाली त्यांची नातवंडे-पतवंडे आज आपल्या गावात आहेत. म्हणून आपण दुसरे गाणे घेतले.” एवढ्यावर थांबा आणि प्रश्न येऊ द्या. दहा वर्षांच्या मुलांना अन्याय समजतो. मोठ्यांनी सारवासारव केलेली मात्र त्यांना समजत नाही. हे बोलताना त्या मुलीकडे पाहू नका, तिचे मत विचारू नका, आणि आदल्या दिवशी तिच्या घरी कळवा की उद्या वर्गात मी असे बोलणार आहे.

आता त्या वहीकडे येतो.

तुमच्या गुरुजींनी सहा महिने वही उघडू दिली नाही, कारण त्यांच्या लेखी संगीत आधी कानात आणि गळ्यात बसते, कागदावर नंतर येते. तुम्ही स्वतः तशाच घडलात. आणि आज तुमच्या वर्गात ज्या मुलाच्या कानात आणि बोटांत ठेका आधीच बसलेला आहे, त्याला कागद वाचता येत नाही म्हणून तुम्ही बाहेर बसवता. हे मी टोचून बोलत नाही. परवान्यासाठी जे शिकवले गेले, त्यात पाच रेघांवरचे वाचन म्हणजेच संगीताची साक्षरता, असे ठसवले गेले असणार. फिलिप युएल या अमेरिकेतील कृष्णवर्णीय संगीतशास्त्रज्ञांनी संगीतशास्त्राच्या सात प्रचलित पाठ्यपुस्तकांतील उदाहरणे मोजली. सुमारे तीन हजार उदाहरणांपैकी गोरेतर रचनाकारांची निघाली ४९, म्हणजे शंभरात दोनही नाहीत. त्यांचे म्हणणे असे की प्रश्न यादीत चार नावे घालण्याने सुटत नाही, कारण उत्तम संगीत कशाला म्हणायचे हे मोजण्याची पट्टीच एका समाजाच्या संगीतावरून आखलेली आहे. त्यांच्या लेखावरून २०२० साली मोठे वादळ उठले. मला त्यांचे हे म्हणणे पटते, आणि ते पटायला आपल्याकडच्या माणसाला तर वेळ लागू नये. १९३५ साली लिऑन ॲबी यांचा कृष्णवर्णीय वादकांचा वाद्यवृंद मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. गोव्यात चर्चच्या शाळांत नोटेशन शिकून आलेल्या आपल्या वादकांना कागदावरचे सगळे वाचता येत होते. पण जॅझचा तो झोका कागदावर लिहिलेला नसतो, तो त्यांनी शेजारी बसून आणि तबकड्या ऐकून उचलला.

तेव्हा पुढच्या आठवड्यात असे करून पाहा. तास सुरू होताच त्या मुलाला चार मात्रांचा एक ठेका बाकावर वाजवू द्या, वर्गाने तो टाळ्यांनी परत करायचा. दुसऱ्या मुलाने दुसरा द्यायचा. तीन-चार झाले की फळ्यावर जा आणि त्याचा ठेका नोटेशनमध्ये लिहा: “याने वाजवले ते कागदावर असे दिसते.” वाचन शिकवायचेच आहे, त्यात हयगय नको, पण ते त्याच्या हातातून निघालेल्या संगीताची नोंद म्हणून त्याच्यापुढे येऊ द्या. सगळ्या मुलांमध्ये मिळून आधी त्याला पाळी द्या, त्याला एकट्याला उभे करून सत्कार केल्यासारखे करू नका. आणि त्याला बाहेर बसवल्याबद्दल एकदा, एकांतात, सरळ शब्दांत दिलगिरी व्यक्त करा.

आणखी एक काम सांगतो, ते कंटाळवाणे आहे. महिनाभर एका वहीत टिपून ठेवा: एकल गायन कोणाला मिळाले, वाद्य कोणाच्या हाती दिले, रागे कोणाला भरले, वर्गाबाहेर कोणाला बसवले. मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका शाळेत अनेक वर्षे संगीत शिकवले आणि स्वतःला कमालीचा निःपक्षपाती समजत होतो. स्नेहसंमेलनाच्या जुन्या छायाचित्रांचा गठ्ठा निवृत्तीनंतर हाती आला तेव्हा दिसले की दरवर्षी पेटीपुढे ठरावीक आडनावांची मुले बसलेली आहेत आणि हलगी ठरावीक वस्तीतल्या मुलांच्या गळ्यात आहे. ‘त्यांच्या हातातच असते ते’ असे मी तेव्हा कौतुकाने म्हणत असे. त्यांपैकी एकालाही मी पेटी शिकवायला बोलावले नव्हते, आणि हलगी शिकायला पेटीवाल्या मुलांनाही पाठवले नव्हते. ती वही मी तेव्हा ठेवली असती तर पहिल्याच वर्षी कळले असते.

अधिकाराच्या प्रश्नाचे उत्तर मी थोडक्यात देतो, कारण मला त्यात फारसा गुंता दिसत नाही. ज्या मुलांना तुम्ही शिकवता, त्यांच्याशी न्यायाने वागण्यासाठी वेगळा अधिकार लागत नाही. कृष्णवर्णीय समाजाच्या वतीने बोलण्याचा अधिकार मात्र तुम्हाला नाही, आणि तुम्ही तो मागतही नाही. मैत्रिणींना दोन गोष्टी सांगा. पहिली अशी की काजळीच्या या रंगमंचाने आपल्यालाही सोडले नव्हते. डेव्ह कार्सन नावाचा मिन्स्ट्रेल नट एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हिंदुस्थानात येऊन ‘बंगाली बाबू’ची नक्कल करून साहेबलोकांना हसवत असे, आणि कलकत्त्यात अर्धेंदुशेखर मुस्तफी यांनी १८७३ साली ‘मुस्तफी साहेब का पक्का तमाशा’ हा खेळ लावून त्याला रंगमंचावरच परतफेड केली. त्याच वर्षी इकडे पुण्यात जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली आणि ती अर्पण केली गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना. आपण त्यात कशाला पडायचे, असे त्यांना वाटले नव्हते. दुसरी गोष्ट अधिक घरगुती आहे. आशियातून येणाऱ्यांना अमेरिकेचे दार सताड उघडले ते १९६५ च्या कायद्याने, आणि तो कायदा नागरी हक्कांच्या चळवळीने तापवलेल्या त्याच वर्षांत संमत झाला. मंडळाचा गणपती बसतो तो या दारातून आत आलेल्या माणसांच्या घरांत.

मुख्याध्यापकांशी मात्र भावनेने बोलू नका, कायद्याने बोला. न्यू जर्सीत २००२ च्या अमिस्टाड कायद्यानुसार आफ्रिकन-अमेरिकन इतिहास शाळांच्या अभ्यासक्रमात गुंफणे अपेक्षित आहे, आणि जानेवारी २०२२ मध्ये आशियाई-अमेरिकन समाजाच्या इतिहासासाठीही तसाच कायदा झाला. अन्य काही राज्यांत वंशविषयक शिकवण्यावर गेल्या काही वर्षांत बंधने आली आहेत. तुमच्या राज्यात तुमच्या पाठीशी कायदा आहे, त्याचा उपयोग करा. गाणी निवडण्याचे निकष लेखी ठरवावेत, म्हणजे उद्या कोणाची चिठ्ठी आली की घाबरून पाटी पुसण्याची वेळ येणार नाही, असे त्यांना सुचवा.

याच दुसऱ्या कायद्याच्या आधारे दिवाळीच्या नाचाचाही निकाल लावता येईल. तुम्ही भारतीय आहात म्हणून वर्षातून एकदा सहा मिनिटांचा रंगीबेरंगी तुकडा द्यायचा आणि बाकी वर्षभर भारताचे नाव काढायचे नाही, हा व्यवहार तुम्हाला बोचतो, तसाच तो फेब्रुवारीत, म्हणजे तिकडच्या कृष्णवर्णीय इतिहासाच्या महिन्यात, फक्त एक भक्तिगीत गायला सांगितलेल्या कृष्णवर्णीय मुलांनाही बोचत असणार. या ऑक्टोबरात नाचाऐवजी हादगा घ्या. सांगलीच्या मुलीला तो मी शिकवायला नको: पाटावर हत्ती, भोवती फेर, आणि ‘ऐलमा पैलमा’. त्याच्या जोडीला अमेरिकेतील जॉर्जिया राज्याच्या सागरी बेटांवरचे, कृष्णवर्णीय मुलांचे फेर धरून खेळायचे खेळ ठेवा. बेसी जोन्स या कृष्णवर्णीय गायिकेने ते जतन केले आणि पुढच्या पिढ्यांना शिकवले, त्यांची ध्वनिमुद्रणे मिळतात. दोन्हीकडे मुले गोल फिरत गातात, दोन्हीकडे मोठ्या मुलींनी धाकट्यांना तोंडी शिकवलेले आहे, कागद कुठेच नाही. तुमच्या गल्लीतल्या हादग्याला कोणत्या घरच्या मुलींना बोलावणे जात नसे, हेही त्या निमित्ताने आठवून पाहा. ते वर्गात सांगायचे की नाही हे तुम्ही ठरवा. शाळेत घरचे खाद्यपदार्थ आणू देत नसतील, तर खिरापत चित्रात काढून डबा बंद ठेवा आणि ओळखायला लावा.

आजींना शाळेत येऊन गाण्याचे आमंत्रण देण्याचा मोह तुम्हाला होईल. इतक्यात देऊ नका. ज्यांनी चूक दाखवून दिली, त्यांच्यावरच ती निस्तरण्याचे काम टाकल्यासारखे ते होईल. पुढे कधी त्या स्वतः तयार झाल्या, तर शाळा अन्य पाहुण्या कलाकारांना जे मानधन देते ते त्यांनाही द्यायला लावा. तूर्त त्यांच्या चिठ्ठीला लेखी उत्तर द्या: मी कडवे वाचले नव्हते, आता वाचले आहे, मुलांशी अमुक दिवशी बोलणार आहे, आणि त्या जागी अमुक गाणे घेतले आहे. सबबी नकोत, आभार एकदाच. हे पत्र या आठवड्यातच जाऊ द्या, हादग्याला अजून अवकाश आहे. आणि पाठवण्यापूर्वी मसुदा मला धाडावासा वाटला, तर जरूर धाडा.